चाकं पुन्हा काळी, सीटवर पुन्हा बुरशी: नवी बाटली घेण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. रविवारी सकाळी चाकं घासून लख्ख केली, बुधवारपर्यंत पुढची दोन पुन्हा तपकिरी-काळी. किंवा जुलैत सीटवर पांढरी बुरशी आली, पुसली, वरून महागडं कंडिशनर चोळलं, आणि गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी दार उघडलं तर तीच बुरशी, त्याच जागी. मग माणूस दुकानात जाऊन विचारतो, "याच्यापेक्षा स्ट्राँग काही आहे का?" दुकानदाराकडे स्ट्राँग काहीतरी असतंच.

डाग पुन्हा पुन्हा येत असेल तर बहुतेक वेळा बाटली कमजोर नसते. ती भलत्याच मळासाठी बनवलेली असते, नाहीतर मळाचं मूळ भलतीकडेच असतं. म्हणून आधी मळ ओळखायचा, मग बाटली निवडायची, आणि निवडलेली बाटली सबंध गाडीवर नव्हे तर तळहाताएवढ्या जागेवर तपासायची. खाली चाकांचा भाग मोठा आहे, कारण चुका तिथेच जास्त होतात आणि त्या महागात पडतात.

आधी कुठलं चाक ते बघा

गाडी दोन-तीन दिवस नेहमीसारखी फिरवा आणि न धुता चारही चाकांपाशी उकिडवं बसून बघा. पुढची दोन्ही सारखीच काळी आणि मागची कमी, तर सगळं ठीक आहे. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो, पुढचे ब्रेक जास्त राबतात, पूडही तिथेच जास्त पडते. पण एकच चाक आपल्या जोडीच्या चाकापेक्षा बरंच काळं दिसत असेल तर क्लीनर राहू द्या बाजूला. कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन अडकलेली असू शकते, म्हणजे पाय उचलला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि पॅड डिस्कवर घासतच राहतो. पावसाळ्यात चिखल-पाणी पिनांत शिरून हे होतं. थोडं चालवून आल्यावर चाकाजवळ हात न्या, लावू नका. एका बाजूला धग जास्त जाणवली, जळका वास आला, तर हे काम गॅरेजचं आहे.

तसंच चाकाच्या आतल्या बाजूचं. चाक थंड असताना रिमच्या आतून बोट फिरवा. कोरडी काळी पूड आली तर ती ब्रेकची. बुळबुळीत काळं ग्रीस आलं, तेही पट्ट्यासारखं एका रेषेत उडालेलं, तर सीव्ही जॉइंटचं (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या सांध्याचं) रबरी बूट फाटलं असण्याची शक्यता धरा. पातळ ओलसर काही ओघळलेलं दिसलं तर ब्रेक ऑइलची गळती असू शकते. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला खाली बोलवा. अशा वेळी चाक धुऊन चकचकीत करणं म्हणजे पुरावा पुसणं.

हा मळ नेमका कसला?

मुंबईत एकाच चाकावर चार-पाच थर बसतात आणि प्रत्येकाचा उतारा वेगळा.

मुख्य थर ब्रेकच्या पुडीचा. डिस्क बिडाची असते, पॅड तिच्यावर घासला की लोखंडाचे बारीक कण आणि पॅडमधल्या रेझिनची पूड उडते. हे कण निघतात तेव्हा तापलेले असतात, रिमच्या क्लिअर कोटवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, जाऊन चिकटतात. पुढचं काम आपली खारी, दमट हवा करते: कणांना गंज चढतो आणि ते कोटात रुतून बसतात. शाम्पूने धुतल्यावरही रिम खरखरीत लागते ती यामुळे. शंका असेल तर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या रिमवरून बोटं फिरवा. उघड्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते.

शहरातल्या ट्रॅफिकमध्ये ही पूड जास्त होणारच. ऑटोमॅटिक गाडीत तर सायनपासून घाटकोपरपर्यंत पाय ब्रेकवरच असतो. एक्स्प्रेसवेवरून खंडाळ्याचा घाट उतरताना खालचा गिअर न टाकता नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्यांच्या चाकांची अवस्था पनवेलला बघण्यासारखी असते. कितीही भारी क्लीनर आणा, ही पूड पडायची थांबत नाही. ती कमी करायची असेल तर गाडी चालवण्याची सवय बदला, किंवा पुढच्या वेळी पॅड बदलताना तुमच्या मॉडेलसाठी सिरॅमिक पॅड मिळतो का ते सर्व्हिस सेंटरला विचारा. त्याची पूड कमी पडते आणि फिकट असते. इलेक्ट्रिक गाड्यांना हा त्रास बराच कमी, कारण वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते.

पावसात किंवा धुतल्यावर रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर नारिंगी गंज दिसतो, त्याला मात्र हात लावू नका. तो वरवरचा असतो, चार-सहा ब्रेक मारले की जातो. त्यासाठी डिस्कवर काहीही फवारणारा माणूस दिसला तर त्याला थांबवा.

दुसरा थर सिमेंटचा. मेट्रोचं काम, गल्लोगल्ली पुनर्विकास, मिक्सरमधून सांडलेला रस्त्यावरचा राडा. वाळल्यावर तो राखाडी खवल्यांसारखा दिसतो. तिसरा डांबराचे ठिपके, विशेषतः पावसाळ्यात खड्डे बुजवल्यानंतरचे. चौथा पाण्याचे पांढरे डाग. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ते आपण स्वतः धुताना लावतो.

महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा धरण-तलावांतून येतं, म्हणजे मुळात साठवलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार कमी. पार्किंगच्या नळाला मात्र बऱ्याच सोसायट्यांत बोअरवेलचं नाहीतर टँकरचं पाणी असतं. पाण्यात विरघळलेले घटक मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. स्वयंपाकघरातल्या नळाचं आणि पार्किंगच्या नळाचं पाणी दोन वाट्यांत घेऊन मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकात विरघळलेल्या घटकांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि कठीणपणाची २०० मिलिग्रॅम आहे. पार्किंगच्या नळाचा आकडा ५०० च्या वर गेला तर तुमच्या चाकांवरचे पांढरे ठिपके क्लीनरच्या माथी मारू नका. उन्हात पाणी सुकतं, क्षार मागे राहतात. उपाय साधा आहे: धुणं हवं तर बोअरच्या पाण्याने करा, शेवटचं पाणी घरातल्या नळाचं एक बादली घ्या आणि लगेच फडक्याने टिपा. घरच्या एसीच्या पाइपखाली जमणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते फडक्यातून गाळून शेवटच्या पुसण्याला वापरलं तर फुकटात काम होतं.

पाचवा थर टायर शाइनचा. टायर तपकिरी पडतो कारण रबरात मिसळलेलं ओझोनरोधक द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येऊन हवेत तपकिरी होतं. त्यावर शाइन थापली की तपकिरीपणा आत दबतो आणि आठवड्याने वर येतो. वरून ती तेलकट शाइन धूळ धरते आणि गाडी पळाली की काळे ठिपके दारांवर उडवते. टायर ब्रशने आणि क्लीनरने घासत राहा, पहिला फेस चहासारखा निघेल. तो पांढरा येईपर्यंत घासल्याशिवाय शाइन लावूच नये. आणि टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्यावर तर कधीच नाही, गाडी घसरेल.

पाच आऱ्यांची परीक्षा

तीन-चार क्लीनर हाताशी असतील तर तुलना एकाच चाकावर करा. बऱ्याच अलॉयना पाच किंवा पाचाच्या पटीत आरे असतात, त्याचा फायदा घ्यायचा. चाक थंड, सावलीत, आधी नुसत्या पाण्याने धुतलेलं. मग एका आऱ्यावर साधा कार शाम्पू, दुसऱ्यावर आयर्न रिमूव्हर, तिसऱ्यावर तुमचा ऑल पर्पज क्लीनर बाटलीवर लिहिल्याइतका पातळ करून, चौथ्यावर दुकानदाराने भरीस घातलेलं काही असेल तर ते. पाचवा आरा नुसत्या पाण्याचा; तो कोरा ठेवला नाही तर तुलनेला आधारच उरत नाही. मध्ये मास्किंग टेप लावा म्हणजे एकाचं दुसऱ्यात उतरणार नाही. सगळ्यांना वेळ सारखा, ब्रशचे हात सारखे, फडकी वेगळी. एकाच फडक्याने पाची पुसले तर परीक्षा तिथेच संपली.

आयर्न रिमूव्हरवर नीट लक्ष ठेवा. फवारल्यावर मिनिटभरात पारदर्शक द्रावणाला आधी गुलाबी झाक येते, मग नटांच्या खाचांतून आणि आऱ्याच्या मुळाशी गडद जांभळे ओघळ सुटतात. त्यातलं थायोग्लायकोलेट गंजलेल्या लोखंडाशी जुळून विरघळणारं जांभळं संयुग बनवतं. केस काढायच्या क्रीममध्ये याच कुळातलं रसायन असतं, म्हणून तो वास कुठेतरी ओळखीचा वाटतो. कारप्रोचं आयर्नएक्स या जातीतलं जुनं नाव. सोनॅक्सचं व्हील क्लीनरही असाच रंग बदलतं. पण रंग बदलतो म्हणजे साफ करतो असं नाही. जांभळं झालं याचा अर्थ एवढाच की तिथे लोखंड होतं. जांभळं झालं नाही आणि डाग तसाच, तर तो डाग लोखंडाचा नाही; मग हीच महागडी बाटली दुप्पट फवारून काही होणार नाही. डांबरावर खोबरेल तेलाचा बोळा थोडा वेळ ठेवा, ठिपका विरघळून तपकिरी पसरला तर डांबरच. त्यासाठी टार रिमूव्हर. पांढऱ्या डागावर पाण्यात अर्धं केलेलं व्हिनेगर टिपून बघा, डाग विरला तर क्षार. व्हिनेगर लगेच धुऊन टाकायचं. सिमेंटच्या जाड खवल्यांना सिमेंट रिमूव्हर म्हणून वेगळी वस्तू मिळते. ते खवले नखाने, पत्र्याने खरवडणाऱ्यांनी रिमला पडलेल्या चऱ्यांची तयारी ठेवावी.

निकाल ओल्या चाकावर लावू नका. ओलं असताना पाचही आरे सारखेच चमकतात. पूर्ण सुकल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात बघा आणि पिशवीचा हात पुन्हा फिरवा. अनेकदा शाम्पूचा आरा आणि महागड्या ऑल पर्पजचा आरा यांत फरक सापडत नाही. माझं मत त्यावरूनच बनलंय: दर आठवड्याला शाम्पू आणि मऊ ब्रश, दोन-तीन महिन्यांतून एकदा आयर्न रिमूव्हर, बस. दर धुण्याला आयर्न रिमूव्हर फवारणं म्हणजे पैसे गटारात.

तो वापरताना एका वेळी एकच चाक घ्या, हातमोजे घाला, आणि बेसमेंटमध्ये हवा खेळती नसेल तर वर पोडियमवर आणा. चाकावर सुकू देऊ नका. ब्लीच किंवा अॅसिडबरोबर कधीही मिसळू नका. घाटातून किंवा लांबून आल्या आल्या गरम चाकावर काहीच मारायचं नाही; क्लीनर जागच्या जागी सुकून डाग धरतो आणि तापलेल्या डिस्कवर गार पाणीही बरं नाही.

"अॅसिड मारलं की निघतं"

हे वाक्य वॉशिंगवाल्यांच्या तोंडून नेहमी ऐकू येतं, आणि ते खोटं नाही, म्हणूनच धोक्याचं आहे. बिनालेबलच्या कॅनमधून पाण्यासारखं काहीतरी ब्रशने लावतात, काळं क्षणात उतरतं, गिऱ्हाईक खूश. ते संडासाच्या लादीचं हायड्रोक्लोरिक आहे की फ्लोराइडवालं औद्योगिक रसायन, हे लावणाऱ्या पोऱ्यालाही माहीत नसतं. हायड्रोफ्लोरिक अॅसिड आणि अमोनियम बायफ्लोराइड यांच्यापासून तर लांबच राहा. पातळ द्रावण त्वचेवर पडल्यावर लगेच आग होईलच असं नाही, दुखणं काही तासांनी सुरू होतं आणि इजा हाडापर्यंत पोचू शकते. तुमच्या रिमपेक्षा त्या पोऱ्याचे उघडे हात महत्त्वाचे.

रिमचं म्हणाल तर अॅल्युमिनियमला अॅसिडही चालत नाही आणि कडक अल्कलीही. कॉस्टिक सोड्याने अॅल्युमिनियम चक्क विरघळतं. क्लिअर कोट शाबूत असेल तोवर तो सांभाळून घेतो. पण हल्लीच्या दोन रंगांच्या डायमंड कट (यंत्राने कोरून चकाकी दिलेल्या) अलॉयवर दगडाचा टिचा उडालेला असतो, फुटपाथला कड घासलेली असते. तिथून ओल कोटाखाली शिरते आणि काही महिन्यांत कडेपासून आत सरकणाऱ्या पांढऱ्या बारीक रेघा दिसायला लागतात, किडा चालून गेल्यासारख्या. हा मळ नाही. कोटाखालचं अॅल्युमिनियम खातंय ते. कुठलीही बाटली त्याला घालवू शकत नाही, जोरात घासलं तर कोट अजून सुटतो. रिम पुन्हा कोरून लॅकर मारावं लागतं, आणि डायमंड कट रिम मर्यादित वेळाच कोरता येते. म्हणून कडेला टिचा दिसल्याबरोबर क्लिअर टच-अपचा थेंब लावून ते तोंड बंद केलेलं बरं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या बाजूला ऑटोपार्टच्या दुकानांत बाटल्या घ्यायला गेलात तर लेबल वाचायची लाज बाळगू नका. पाकीटबंद मालासाठीच्या २०११ च्या वैध मापन नियमांप्रमाणे उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, प्रमाण, किंमत आणि महिना-वर्ष छापलेलं असायला हवं. सुट्या कॅनमधून भरून दिलेल्या "इम्पोर्टेड" बाटलीवर यातलं काही नसतं. कंपनीच्या वेबसाइटवर सेफ्टी डेटा शीट असते, त्यात पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) आणि घटक बघा. शंका असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात, बाटलीतला एक थेंब त्यावर टाका. चाकांसाठी ६ ते ८ च्या आसपास असलं की निश्चिंत राहा. १२ च्या पुढे किंवा २-३ च्या खाली असलं तर ते रोजच्या वापराचं नाही.

सीट: लेदर आहे की रेक्झिन?

शोरूममध्ये "लेदर सीट्स" म्हणून सांगितलेल्या बऱ्याच सीट्स पूर्ण रेक्झिनच्या असतात. काहींत बसायच्या जागी लेदर आणि बाजूला, मागे रेक्झिन. ब्रोशरमध्ये लेदरेट असा शब्द असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर सीटच्या खाली, दुमडलेली कड सापडते का बघा: लेदरला मागून तंतूंची लव असते, रेक्झिनला विणलेलं कापड. रेक्झिनवर लेदर कंडिशनर चोळणं निरुपयोगी. ते आत जातच नाही, वर चिकट थर तेवढा साचतो.

आणि खऱ्या लेदरचंही थोडं तसंच आहे. गाडीतल्या बहुतेक लेदरवर रंग आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. दिसणार नाही अशा जागी पाण्याचा थेंब टाका. थेंब मोती होऊन राहिला तर वर थर आहे, आणि तुम्ही धूत आहात तो हा थरच. थेंब पटकन मुरून डाग गडद झाला तर लेदर उघडं आहे. त्याला फारच हलका हात हवा. "कातड्याला खाऊ घाला" ही जाहिरात वाचून दर महिन्याला कंडिशनर लावणाऱ्यांचे पैसे बहुतेक फडक्यात जातात. माझ्या हिशेबाने चांगला क्लीनर ही गरज, कंडिशनर ही हौस.

क्लीनर लेदरसाठीचाच घ्या. लेदर मुळात आम्लधर्मी असतं, कपड्यांची पावडर आणि कडक ऑल पर्पज त्याच्या उलट गुणाचे. एक-दोनदा काही दिसत नाही, नंतर वरचा थर मंद होऊन भेगा पडतात. पांढरा मेलामाइनचा स्पंज, जो भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा काढतो, तो म्हणजे बारीक सँडपेपरच आहे. डागाबरोबर सीटचा थरही नेतो. सॅनिटायझर आणि स्पिरिट तसंच.

चाचणी मागच्या सीटच्या डोकेटेकूच्या मागच्या बाजूला. क्लीनर सीटवर न मारता पांढऱ्या सुती फडक्यावर घ्या, फेस करून दहा-बारा हात फिरवा, फडकं बघा. राखाडी-तपकिरी आलं तर मळ. सीटचा रंग फडक्यावर आला तर तिथेच थांबा. एक दिवस जाऊ द्या आणि मग ती जागा हाताला चिकट, ताठ किंवा वेगळ्या चमकीची लागते का पाहा. चिकट लागली तर ते उत्पादन आपल्या हवेसाठी नाही, त्याची जर्मनीत कितीही तारीफ असो. कंडिशनर तपासायचा तर लावल्यावर तासाभराने टिश्यू पेपर दाबून बघा. तेलाचा डाग उमटला तर जास्त झालं, कोरड्या फडक्याने काढून टाका. चकचकीत सिलिकॉनवाल्या पॉलिशपासून लांब राहा. सीट घसरडी होते, धूळ धरते, आणि ड्रायव्हरच्या सीटवर घसरडेपणा कोणाला हवाय?

भोकांच्या सीटवर, खासकरून खाली पंखा असलेल्या, कधीच थेट फवारू नका. द्रावण भोकांतून फोममध्ये जातं आणि पुढच्या कुबट वासाची सोय होते.

स्टीअरिंग चिकट होतंय ही तक्रार वेगळी. बहुतेक वेळा तो घाम, सनस्क्रीन आणि सॅनिटायझर यांचा थर असतो. लेदर क्लीनरने दोन-तीनदा, प्रत्येक वेळी नव्या फडक्याने पुसलं की जातो. पुसूनही चिकट राहिलं आणि नखाने वरचा थर गोळा होऊन निघाला तर थरच कुजलाय. आता नवं आवरण शिवून घ्यायचं, क्लीनर बदलण्यात अर्थ नाही. डोकेटेकूवरचा काळपट डाग बहुधा केसांच्या तेलाचा. त्यावर टॉवेल टाकणारे आजोबा शहाणे होते. बेज रेक्झिनवरचा जीन्सचा निळा रंग आठवड्याच्या आत पुसा, मुरला की तो रेक्झिनच्या आत सरकतो आणि मग कोणीच काढू शकत नाही.

बुरशी त्याच जागी का येते

बुरशीला ओल लागते आणि खाणं लागतं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत ओल आहेच. खाणं आपण पुरवतो: घाम, त्वचेचं तेल, सांडलेला चहा, वडापावचा चुरा. म्हणून ती जिथे पाठ-मांड्या टेकतात तिथे आणि शिवणींत आधी दिसते. कोणी सीटला खोबरेल लावत असेल तर ते बुरशीचं आमंत्रण समजा.

नुसती पुसण्याआधी पुढच्या डाव्या बाजूचं मॅट उचला, खालच्या कार्पेटवर हाताचा पंजा जोरात दाबा. ओल लागली तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय का ते आधी बघा. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर ते पाणी आत जात असू शकतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्याही तपासून घ्या. कार्पेट ओलं असेपर्यंत सीट पुसत राहाल आणि बुरशी येत राहील.

मूळ सापडलं की मगच सफाई. दारं उघडी टाका, तोंडाला मास्क, व्हॅक्यूमने आधी कोरडी बुरशी ओढून घ्या. कोरड्या फडक्याने झटकली तर बीजाणू सगळ्या गाडीत पसरतात. मग लेदर क्लीनर, शिवणींत मऊ ब्रश, स्वच्छ ओलसर फडकं, आणि टेबलफॅन लावून पूर्ण सुकवणं. ही मोठी सफाई मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी एकदा करून ठेवली तर जुलैचा अर्धा त्रास वाचतो. स्टॅक पार्किंगमध्ये आठवडा-आठवडा हलत नसलेली गाडी मधून मधून खाली उतरवून अर्धा तास एसी लावून फिरवून आणा.

कपाटात ओल शोषायला ठेवतात ते कॅल्शियम क्लोराइडचे डबे गाडीत ठेवायला हरकत नाही, पण नीट. त्यांत जमणारं पाणी म्हणजे खारट द्रावण. ते सीटवर सांडलं तर लेदर आकसून कडक होतं आणि पुन्हा मऊ होत नाही. डबा खोल पातेल्यात घालून पाय ठेवायच्या जागी ठेवायचा, गाडी उभी असेल तेव्हाच, आणि चावी लावायच्या आधी बाहेर काढायचा.